कॉट क्रमांक सहावरील पाय दुसरा रिपोर्ट येईपर्यंत शाबूत ठेवण्याबाबत

दि. ९ फेब्रुवारी २००४

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
ग्रामीण रुग्णालय, भैरवनगर,
ता. आंबेगाव, जि. पुणे

अर्जदार : संपत यमाजी पडवळ, निवृत्त प्राथमिक शिक्षक, रा. महाळुंगे पडवळ

विषय : पत्नी सौ. साळुबाई हिचा उजवा पाय येत्या गुरुवारी कापण्यापूर्वी जखमेतील पू पुन्हा तपासून मिळणेबाबत.

संदर्भ : १) पुण्याच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट : "जंतूंची वाढ आढळली नाही."
२) त्याच दिवशीचा केसपेपर : "जंतुसंसर्ग वाढला. पाय काढावा."

महोदय,

वरील दोन्ही कागद आपल्याच फायलीत एका टाचणीने जोडलेले आहेत. त्यांचे आपसात पटत नाही, एवढे निदर्शनास आणून देण्यासाठी हा अर्ज.

१. कांद्याचे वाफे बांधताना नडगीवर कुदळ बसल्याने माझी पत्नी ३० डिसेंबर रोजी आपल्या महिला वॉर्डात दाखल झाली. तेव्हा जखम चार बोटांची होती. आज एक्केचाळीस दिवसांनी ती वीतभर आहे. रुग्णालयात काहीच वाढत नाही, अशी तक्रार आता कोणाला करता येणार नाही.

२. वॉर्डात आल्याबरोबर प्रत्येकाला एकच इंजेक्शन मिळते. ताप असो, गळू असो, विंचू असो, दुजाभाव नाही. पत्नीला ते सात दिवस दिले. मग त्याहून भारी दिले, मग त्याहूनही भारी, जे बाहेरून आणावे लागले. दरवेळी जखम दोन दिवस विचारात पडली आणि पुन्हा कामाला लागली. कोणत्या जंतूवर कोणते औषध चालते याची तपासणी असते ना, असे मी डॉक्टरसाहेबांना विचारले. ते म्हणाले, "गुरुजी, त्या रिपोर्टला पाच दिवस लागतात. तोवर काय थांबायचं?" त्यामुळे आपण थांबलो नाही. पाच दिवस वाचवण्यात महिना गेला.

३. ड्रेसिंग सकाळी कॉट एकपासून सुरू होऊन कॉट नऊपर्यंत जाते. चिमटा एक, वाटी एक, हातमोज्यांचा जोड एक. कॉट तीनवर आहुप्याच्या गजराबाई आहेत. त्यांच्या पाठीच्या गळवातून हिरवट पू येतो. तिसऱ्या आठवड्यात आमच्या जखमेलाही तोच रंग आणि तोच वास आला. गजराबाईंशी आमचे पूर्वी काही नाते नव्हते, आता आहे. दोन कॉटांच्या मध्ये चिमटा उकळता येईल काय, असे विचारले असता उकळण्याचे यंत्र दिवाळीपूर्वीच दुरुस्तीला गेल्याचे समजले. त्याची प्रकृती कशी आहे, हे कळले नाही.

४. दोष एकट्या रुग्णालयाला देणे अन्यायाचे होईल. आमच्या घरी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. ताप उतरला की आम्ही औषध थांबवतो आणि उरलेल्या कॅप्सुली त्या डब्यात टाकतो. आमच्या भागात आजाऱ्याला भेटायला जाताना केळी न्यावीत आणि घरात उरलेल्या कॅप्सुलीही न्याव्यात, अशी रीत पडली आहे. पत्नीच्या उशाखाली अशा पाच रंगांच्या बावीस कॅप्सुली जमल्या. पैकी नऊ तिने आणणाऱ्यांचा मान राखून घेतल्या. मेंढरे राखणारे आमचे जानकूभाऊ तर मेंढ्यांना टोचायच्या औषधाची अर्धी बाटली घेऊन आले. "वैनी, मेंढरू दोन दिसांत उठलं, तुमी तर मानूस हायसा." ती मी परत पाठवली. परंतु तीस वर्षे वर्गात खोकणाऱ्या पोरांना त्याच डब्यातून अर्धी-अर्धी गोळी मीच वाटत आलो, हेही येथे कबूल करतो. औषधाला दाद न देण्याचे जंतूंना शिकवण्यात माझाही वाटा आहे.

५. माझ्या हट्टाखातर २८ जानेवारीस पू एकदाचा पुण्याला गेला. बाटली भरण्यापूर्वी आया अंबाबाई यांनी ती स्पिरिटने खळखळून धुतली आणि तळाला थोडे स्पिरिट राहू दिले. हे मला नंतर कळले. विचारले तर म्हणाल्या, "पुन्याला जायाची बाटली, गुरुजी. घाण कशी धाडायची? दवाखान्याचं नाव न्हाई का जात?" संपूर्ण वॉर्डात नीट धुतली गेलेली वस्तू ती एकच. स्पिरिटात जंतू मरतात. ते आमचेही मेले, फक्त बाटलीतले. पुण्याने प्रामाणिकपणे कळवले की जंतू नाहीत.

६. तेव्हापासून परिस्थिती अशी आहे. फायलीप्रमाणे जंतू नाहीत, म्हणून औषध बदलता येत नाही. पायात जंतू आहेत, म्हणून पाय काढावा लागतो. दुसरा नमुना पाठवावा म्हणून गेलो, तर आपले लिपिक म्हणाले की एका रुग्णाला एकच तपासणी मंजूर आहे. पाय मात्र दोन असल्यामुळे त्यातला एक काढण्यास नियमाची आडकाठी दिसत नाही.

७. सर्जनसाहेब दर गुरुवारी बाहेरून येतात. आठवडाभर थांबल्यास जिवाला धोका नाही, असे त्यांनी स्वतः सांगितले. घाई एवढ्याचसाठी, की पुढच्या गुरुवारी ते रजेवर आहेत. त्यांच्या रजेचा मी आदर करतो. तरी विनंती अशी, की मी पुण्याहून आणलेल्या सीलबंद बाटलीत उद्याच नमुना घ्यावा आणि रिपोर्ट येईपर्यंत पाय राहू द्यावा. तो मी एसटीने मांडीवर धरून नेईन आणि रिपोर्ट घेऊनच परत येईन. कोणतेच औषध चालत नाही असे त्यात आले, तर मी एक शब्द बोलणार नाही. पण चालणारे औषध कुठेतरी असताना पाय गेला, तर त्या पायाचे मी तिला काय सांगू? ती बासष्ट वर्षांची आहे. बांधावर उभी राहून मला हाका मारते. बसून मारलेली हाक मला ऐकू येईल की नाही, याची खात्री नाही.

८. शस्त्रक्रियेचे संमतीपत्र सिस्टरांनी माझ्या सहीसाठी दिले होते. ते पत्नीने माझ्या हातातून काढून घेतले. "पाय माझा आन् सही तुमची व्हय? द्या हिकडं." साक्षरता वर्गात ती माझ्याच हाताखाली शिकली असल्याने मला हरकत घेता आली नाही. तो कागद आहे तसा जोडला आहे.

उद्या सकाळी नऊपासून आपल्या उत्तराची वाट पाहत वॉर्डाच्या दारात उभा असलेला,

आपला नम्र,
संपत यमाजी पडवळ

सोबत :
१. सीलबंद रिकामी बाटली, एक.
२. संमतीपत्र. 'संमती देणाऱ्याची सही' या रकान्यात रुग्णाने स्वहस्ते लिहिले आहे : "आधी तपासा."