मी शांतपणे आकडा सांगितला

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी लिहायची. मोठ्या लढाया कोणीतरी लिहून ठेवल्या म्हणून आपल्याला कळल्या. माझी पुढच्या सोमवारी आहे.

आयटी सपोर्टच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलंय. दणकट कंपनी. मागची नोकरी मी स्वतःहून सोडली हे इथे एकदाच नोंदवतो. तो प्रिंटर आधीच मरायला टेकला होता. मी त्याला फक्त खिडकीपर्यंत नेलं. खाली कोणी नव्हतं. मॅनेजरची गाडी होती, पण गाडीत कोणी नव्हतं. एवढ्यावरून लोक मला तापट म्हणतात. मी शांत माणूस आहे.

बायकोचं एकच टुमणं. पगार थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल, पण मेडिकल कव्हरमध्ये आईंचं नाव बसतंय का ते आधी विचारा. आईचा उजवा गुडघा पार गेलाय. डॉक्टर म्हणतात बदलायलाच हवा, आणि तो खर्च आमच्या आवाक्यातला नाही. ती काठी टेकत, भिंत धरत बाथरूमला जाते. मी बायकोला समजावलं की वाटाघाटीत आपली गरज शत्रूला कळू द्यायची नसते. कळली की आपला गळा त्याच्या हातात. तिने विचारलं, अहो, मग कळू न देता मागणार कसं? तिला डावपेच कळत नाहीत. दातांच्या दवाखान्यात फोन घेते ती. दाढ दुखणाऱ्या लोकांना दिवसभर हो काका, बरं काका. त्याने माणूस मऊ पडतो.

५ मार्च, बुधवार

रंगीत तालीम. मेहुण्याला एचआर केलं आणि जेवणाच्या टेबलापलीकडे बसवलं. त्याने विचारलं, भाऊजी, तुमची अपेक्षा काय? मी शांतपणे आकडा सांगितला. मागच्या पगाराच्या दुप्पट. तो आधी हसला. मग म्हणाला, भाऊजी, नोकरी मागायला चाललाय की खंडणी?

स्टेपलर माझ्या हातातून निसटला. निसटताना जरा जोरात निसटला. भुवईवर तीन टाके. टाके घालणाऱ्या डॉक्टरला मेहुण्याने सांगितलं की दाराला धडकलो. घरचा माणूस आहे, समजून घेतो.

तालमीतून एक कळलं, माझा आकडा ऐकून समोरचा हादरतो.

७ मार्च

वाटाघाटींवरचा एक व्हिडिओ पाहिला. जो आधी आकडा बोलतो तो मेला, असं तो माणूस शपथेवर सांगत होता. म्हणजे गप्प बसायचं. समोरचा घामाघूम होईपर्यंत.

आरशासमोर गप्प बसायचा सराव केला. आरशातला इसम माझ्याकडे फार उर्मटपणे बघत होता. आरसा नवीन आणावा लागेल. डाव्या हाताला बायकोने पट्टी बांधली. बांधताना तिने पुन्हा आईंचं विचारायची आठवण केली. मी म्हटलं, तो हुकमाचा पत्ता आहे, शेवटी काढणार. आईने आतून विचारलं, बाळ, काय फुटलं रे? मी म्हटलं, काही नाही, तू झोप. दुपारचे बारा वाजले होते.

१० मार्च, सोमवार. लढाई

समोर दोघं. एक एचआरबाई, आणि एक सपोर्टचा प्रमुख. या माणसाचं नाव मी तिथल्या तिथे थंडोबा ठेवलं. ओठ न हलवता बोलतो, पापणी म्हणून लवत नाही. असली माणसं माझ्या डोक्यात जातात.

थंडोबाने विचारलं, चिडलेला माणूस फोनवर आला तर तुम्ही काय करता? मी म्हटलं, आधी त्याला त्याची जागा दाखवतो. थंडोबाने बराच वेळ काहीतरी लिहिलं. म्हणजे उत्तर आवडलं.

मग एचआरबाईंनी पगाराची अपेक्षा विचारली. मी गप्प. नजरेला नजर. त्यांनी पुन्हा विचारलं. मी गप्प. त्यांनी विचारलं, बरं वाटत नाहीये का, पाणी देऊ का? पाणी आलं. मी ग्लास हातात घेतला आणि गप्प. माझी पकड मुळात घट्ट आहे आणि त्यांचे ग्लास पातळ. फुटला. टेबलावर पाणी, पाण्यात रक्त. तरीही मी गप्प! असा संयम मी दुसऱ्या कोणात पाहिलेला नाही. एचआरबाई खुर्चीसकट मागे सरकल्या. थंडोबा उठला, प्रथमोपचाराची पेटी घेऊन आला आणि माझा हात पुसला. त्या क्षणी मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवली नाही. हे कोणी लक्षात घेत नाही.

शेवटी मी शांतपणे आकडा सांगितला. त्यावर नावामागे सीनियर, गाडीला स्वतःची जागा, नवा लॅपटॉप आणि मागेपुढे होणारी खुर्ची. बाईंनी सगळं टिपून घेतलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या, घरच्यांसाठी काही विचारायचंय का, आई-वडील, आजारपण वगैरे?

सापळा! मी लगेच ओळखला. छाती काढून म्हटलं, माझ्या घरी सगळे ठणठणीत आहेत.

घरी आलो. बायको दारातच होती. मी म्हटलं, हुकमाचा पत्ता अजून हातात आहे. तिने मला आत नेऊन बसवलं. माझ्या हातातले काचेचे बारीक कण चिमट्याने काढत बसली.

१२ मार्च

ऑफर आली! मागच्या पगारापेक्षा जेमतेम जास्त. सीनियर नाही. गाडीला जागा नाही. बाकीचे फायदे पोर्टलवर वाचा आणि शुक्रवारी पाचच्या आत होकार भरा म्हणे. भीक घालतायत मेले!

लगेच उत्तर लिहिलं. सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलं, त्याने वजन पडतं. आठ ओळी, त्यातल्या दोनच धमकीच्या. पाठवताना टेबलावर मूठ आपटली आणि कपाटाला लाथ घातली. कपाट लोखंडी निघालं. अंगठ्याचं नख गेलं. खालच्या मजल्यावरचे काका तक्रार घेऊन वर आले, म्हणे छताचा पोपडा त्यांच्या ताटात पडला. मी त्यांना कॉलर धरून शांतपणे जिना दाखवला. त्यांच्या शर्टाची दोन बटणं आमच्या दारात पडली आहेत. मागायला आले तर देईन, मी काय चोर आहे?

१३ मार्च

एचआरबाईंचं उत्तर. पगार ठरलेल्या श्रेणीपलीकडे जाणार नाही, फायद्यांबद्दल मात्र बोलता येईल, काही विशेष गरज असेल तर जरूर कळवा. बघा, पुन्हा गरज! सारखी माझी गरज हुंगतायत.

डॉक्टरला टाके दाखवून मेहुणा आमच्याकडे आला होता. म्हणाला, भाऊजी, हात जोडतो, हो म्हणून टाका आणि मावशींच्या गुडघ्याचं तेवढं विचारा. मी बूट उचलला. बूट जिन्याच्या पहिल्या वळणावर त्याच्या पाठीत बसला. नेम अजून शाबूत आहे.

 उद्या शेवटच्या तासाला मी पोर्टलवर नकार भरणार, ते हबकणार, आकडा वाढवणार, मग मी आईचं नाव असं सहज, जाता जाता टाकणार. फुलप्रूफ.

१४ मार्च, शुक्रवार, दुपारी चार

पोर्टल उघडत नाही. पासवर्ड चुकीचा म्हणतंय. माझा पासवर्ड! पुन्हा टाकला. चुकीचा. पुन्हा. आता खातंच लॉक झालंय.

सव्वाचार

कीबोर्ड गेला. बटणं सोफ्याखालपर्यंत उडालीत. मेहुण्याने दिलेला जुना कीबोर्ड लावला.

साडेचार

आईची काठी हाताशी होती. टेबलावर हाणली. टेबल शाबूत, काठीचे दोन तुकडे. आई समोरच खुर्चीत बसली होती. तिने दोन्ही हात डोक्यावर धरले होते, मी तिला मारणार आहे असं वाटल्यासारखे. वेडी आहे. मी तिला कधी बोट तरी लावलंय का? थोड्या वेळाने बारीक आवाजात म्हणाली, आता मी बाथरूमला कशी जाऊ रे? मी म्हटलं, स्टीलची आणून देतो. काठी मुळात कमअस्सल होती. त्या दुकानदाराचा मी मुडदा पाडणार आहे.

संध्याकाळी सहा

पाऊण तासात काय झालं ते लिहितो. हात सुजलाय, अक्षर वाकडं येईल.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. आधी ती टेप, हा कॉल रेकॉर्ड होत आहे वगैरे. होऊ दे म्हटलं! पलीकडचा माणूस म्हणाला, त्रास झाला सर, समजतंय मला. मी म्हटलं, तुला काय घंटा समजतंय, तिथे येऊन मान मुरगळीन. तो म्हणाला, बरोबर आहे सर, आपण एकेक बघू, कॅप्स लॉक चालू आहे का? मला! ज्याने आठ वर्षं हाच प्रश्न अख्ख्या दुनियेला विचारला त्याला! मग मी त्याला नेटवर्कची केबल, त्याचं आतडं आणि छताचा पंखा यांचं मी काय करणार ते तपशीलवार सांगितलं. तो मध्येमध्ये हं, हं करत होता. हा थंडपणा कुठेतरी ऐकलेला वाटला.

बायकोने फोन माझ्या हातातून काढून घेतला. मी घेऊ दिला, बोटं मिटत नव्हती. ती म्हणाली, सर, माफ करा, आमच्या घरी जरा ओढाताण चालली आहे. मग पलीकडच्याने खात्याचं लॉक काढलं, तिने एक बटण दाबलं आणि पोर्टल उघडलं. परवाच्या मोठ्या अक्षरांपासून कॅप्स लॉक चालूच राहिला होता आणि मेहुण्याचा कीबोर्ड लावला तरी संगणकात तसाच होता. हा पोर्टलचा दोष आहे.

मी हात नळाखाली धरायला गेलो. परत आलो तरी ती बोलतच होती. हसली पण. सव्वापाच वाजून गेले होते.

१७ मार्च, सोमवार

मेल आलं. ऑफर मागे घेतली. उत्तम! ते डगमगले. आता वाढीव आकडा घेऊन येतील. फोनपासून हलायचं नाही.

१८ मार्च

आला फोन! एचआरबाई. मी हॅलो म्हणायच्या आत म्हणाल्या, घरात मॅडम आहेत का, सरांना त्यांच्याशी बोलायचंय. सर म्हणजे थंडोबा. शुक्रवारी हेल्पलाइनवर माणूस कमी होता म्हणून तोच फोनवर बसला होता. मी बायकोच्या हातात फोन दिला आणि कानात सांगितलं, अजिबात नमू नकोस, माझ्या वतीने लढ. ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं.

बाहेर येऊन म्हणाली, त्यांनी मला मुलाखतीला बोलावलंय.

ती दवाखान्यात लागायच्या आधी मी घरून काम करायचो, तेव्हा माझा घसा बसला की माझे कॉल तीच घ्यायची, हे तिने त्यांना सांगितलं म्हणे. माझा घसा रोज बसायचा हे खरं आहे.

मी चहाचा कप भिंतीवर फेकला. कप उसळी मारून परत माझ्याच कपाळावर आला. घरातले सगळे कप प्लास्टिकचे कधी झाले हे मला कोणी सांगितलंच नाही.

२१ मार्च

तिला मी चार पानी मुद्दे काढून दिले. गप्प कधी बसायचं, मूठ कधी आपटायची. ती पानं टेबलावरच विसरून गेली. तासाभरात परत. मी विचारलं, काय मागितलंस?

म्हणाली, पगार त्यांनी सांगितला तोच ठेवला. एवढंच म्हटलं की माझ्या सासूबाईंना चालता येत नाही, गुडघा बदलायचाय, त्यांचं नाव पहिल्या दिवसापासून कव्हरमध्ये असेल तर मी लगेच येते, आणि त्यांच्याजवळ राहायला आठवड्यातून काही दिवस घरून काम मिळावं. ते दोघं बाहेर जाऊन बोलून आले आणि हो म्हणाले. आई-वडिलांची सोय तिथे सगळ्यांनाच आहे. फक्त विचारावं लागतं.

खुर्ची? मी विचारलं. मागेपुढे होते. सगळ्यांनाच देतात.

मी स्टूल उचललं. तेव्हा बायको अगदी हळू आवाजात बोलली. अहो, या घरात आता एक जरी वस्तू फुटली, तर मी आईंना घेऊन भावाकडे जाईन. मी आईकडे बघितलं. मला वाटलं ती तिला रागावेल. आई म्हणाली, मी हिच्याबरोबर जाईन, बाळ. मला तुझी भीती वाटते रे.

स्टूल खाली ठेवलं. ते कसं ठेवलं ते आठवत नाही. माझ्याच आईला माझी भीती वाटते. हे वाक्य लिहिलं आणि दोनदा वाचलं.

८ एप्रिल

बायकोचं ट्रेनिंग झालं. पहिल्याच दिवशी वर्गात एक रेकॉर्डिंग ऐकवलं, अवघड माणूस कसा हाताळावा. पंखा आणि आतडं ऐकून सगळे पोट धरून हसले म्हणे. ती हसली नाही, आणि तो कोण हेही तिने सांगितलं नाही. मेहुण्याला मात्र सांगितलं असावं. परवापासून तो पंख्याखाली बसत नाही.

आईच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. मेडिकल कव्हरचं कार्ड आलं. त्यावर आईचं नाव, आणि खाली माझं. अवलंबून असलेली व्यक्ती, पती.

कव्हरमध्ये राग आवरायला शिकवणाऱ्या डॉक्टरांच्या भेटीही आहेत. मला गरज नाही. पण फुकट मिळतंय तर सोडा कशाला. उद्या पोर्टलवर वेळ घेतो.

९ एप्रिल, बुधवार, सकाळी अकरा

पासवर्ड चुकीचा म्हणतंय. पुन्हा टाकला. पुन्हा. लॉक.

हात वर गेला होता. शेजारच्या खोलीत आई झोपली आहे. हात खाली घेतला आणि हेल्पलाइनला फोन लावला. टेप झाली. मग बायकोचा आवाज आला, एकदा फोनमधून आणि एकदा पलीकडच्या बंद दारातून. नमस्कार, मी आपली काय मदत करू? मी म्हटलं, मॅडम, पोर्टल उघडत नाहीये. म्हणाली, त्रास झाला सर, समजतंय मला, आपण एकेक बघू, कॅप्स लॉक चालू आहे का?

बघितलं. चालू होता.

म्हटलं, हो. थँक यू. तिने विचारलं, आणखी काही मदत? मी म्हटलं, नाही मॅडम. फोन ठेवायच्या आधी टेप म्हणाली, आमची सेवा कशी वाटली, एक ते पाचपैकी आकडा दाबा.

मी पाच दाबला. हळूच दाबला.