तसबिरीची काच

आण्णा, तुमच्या खंडोबाच्या तसबिरीला अजून काच नाही. परवा एका शहाण्या पाहुण्यानं कारण विचारलं. त्याला म्हटलं, चहा प्या आणि निघा.

सांगलीच्या दवाखान्यातली ती खोली मात्र काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही. फौजेच्या इस्पितळात शिकून आलेले तुम्ही पाऱ्याचा दिवा लावता आहात. क्वार्ट्झची नळी हलकेच कलवता, आतला पारा सरकतो, वाफ पेटते आणि निळसर हिरवा उजेड पडतो. वीज पडून गेल्यासारखा वास येतो. त्या उजेडातले डोळ्यांना न दिसणारे किरण हाडं बळकट करतात, म्हणून मुडदूस झालेली पोरं काळे चष्मे लावून उघड्या अंगानं समोर बसलेली. आटपाडीकडच्या एका मेंढपाळ बाईनं तिची तीन वर्षांची मुलगी आणली होती, पाय धनुष्यासारखे वाकलेले. पहिल्याच आठवड्यात पोरीची पाठ भाजून साल निघाली. बाई तुम्हाला म्हणाली, "आवं, त्या उजेडात पोरीचं व्हट काळं पडत्यात, मेल्यागत दिसती. वरनं भाजती बी."

मी मे महिन्याच्या सुट्टीत घरी आले होते. मधे काच धरली तर पोरगी भाजायची न्हाई, पण उजेड अडंल का, असं तुम्ही चुलीपाशी बसून विचारलंत. डॉक्टरांना नाही, तेरा वर्षांच्या मला, कारण मी साताऱ्याकडच्या कॉन्व्हेंटात इंग्रजी पुस्तकं वाचत होते. मी भाकरी मोडत, वरही न बघता म्हटलं, "काचेतून उजेड आरपार जातो, आण्णा. एवढंही माहीत नाही?" तुम्ही देवाला हात जोडलेत आणि तसबिरीची काच काढून दिव्यापुढं लावलीत. पोरगी भाजायची थांबली. पाय वाकडेच राहिले.

दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरसाहेबांना ती काच दिसली. पाच महिने रोज त्याच दारावरून जात होते, तेव्हा कुठे होते त्यांचे डोळे? साधी काच नेमके तेच किरण अडवते, पोरं नुसत्या रंगीत उजेडात बसत होती, असं त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं. अडाण्याच्या हाती यंत्र दिलं, म्हणाले. "चूक माजी हाय, सायेब," एवढंच तुम्ही बोललात, असं आई सांगायची. माझी शाळा डॉक्टरसाहेबांच्याच शिफारशीवर चालली होती. तुमचं काम गेलं. ती बाई पोरीला पाठीशी बांधून आटपाडीला परत गेली. पुढं तिचं काय झालं, कुणी विचारलं नाही. मी डोळे मिटते तेव्हा ती अजून तीनच वर्षांची असते, काळ्या ओठांची, आणि माझ्याकडे चालत येऊ बघते.

तुम्ही गप्प का राहिलात, म्हणून मी जन्मभर तुमच्यावर चिडले. पण आण्णा, काच ते किरण अडवते हे सिस्टरनी वर्गात पावसाळ्यातच शिकवलं होतं. पोरगी तेव्हा अजून दिव्यापुढं बसत होती. मी त्याच दिवशी तुम्हाला पत्र लिहिलं, वर पत्ता घातला, तिकीट लावलं. मग 'एवढंही माहीत नाही?' हे माझंच वाक्य आठवलं आणि लाज वाटली. ते पत्र शाळेच्या प्रार्थनेच्या पुस्तकात घातलं, ते अजून तिथंच आहे. हे पत्रही त्यातच ठेवते.