उजव्या हाताचं हँडल

सोमवार, ४ तारीख
सूडाची भाषा मी करत नाही. मी इंजिनिअर आहे. फक्त नोंद करते: आज डिझाइन मीटिंगमध्ये सीनियरने माझं ब्रेस्ट पंपाचं हँडल हातात तोलून विचारलं, हे बाळंतिणीसाठी आहे की पैलवानासाठी? सगळे हसले. मॅडमसुद्धा. त्याचं स्वतःचं हँडल म्हणजे सपाट चिमटा. आजपासून त्याचं नाव चिमटा.
दोघांपैकी एकाचंच हँडल साच्याला, म्हणजे उत्पादनाला जाणार. ते माझं असेल.

बुधवार, ६
नवं हँडल तयार. मातीत माझ्याच मुठीचा ठसा घेतला, त्यावरून खाचा काढल्या. प्रत्येक बोटाला हक्काची जागा. स्प्रिंगही मऊ केली. दाबताना हाताला कळतसुद्धा नाही. चिमट्याला मात्र कळेल.

शुक्रवार, ८
वहिनीला दाखवलं. पंप दाबून दाबून तिचं मनगट सुजलंय. एका बाजूला बाळ पीत असतं, दुसऱ्या बाजूला पंप. ती म्हणाली, वन्सं, खाचा झकास, पण बाजू बदलल्यावर काय करू? म्हटलं, पंप उजव्याच हातात ठेव. म्हणाली, तेव्हा उजव्या हातात तुमचा भाचा असतो, त्याला टेबलावर ठेवू का?
नमुना एकच, तोही घरचा. विचारात घेतला नाही.

सोमवार, ११
मॅडमना सुचवलं: आम्ही दोघांनी आपापला पंप सर्वांसमोर चालवायचा, सिलिकॉनच्या कपातून पाणी ओढायचं. जो आधी थांबेल त्याचं हँडल बाद. मॅडम म्हणाल्या, हे काय शाळेतलं भांडण आहे? म्हटलं, ही एन्ड्युरन्स टेस्ट आहे. चिमटा तयार झाला. फक्त विचारलं, हात बदलला तर चालेल ना? म्हटलं, खुशाल.
बिचाऱ्याने आत्ताच हातपाय गाळले.

बुधवार, १३
सराव केला नाही. डिझाइन चांगलं असलं की सराव लागत नाही. तो हरल्यावर त्याच्याकडे कसं बघायचं, तेवढं आरशासमोर करून पाहिलं. कीव जास्त दिसत होती. कमी केली.

गुरुवार, १४
सुरुवात उत्तम. चिमटा लगेच घामाघूम. त्याने हात बदलला. मी मनात हसले. त्याने पुन्हा बदलला. मग तो मॅडमशी गप्पा मारू लागला. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी कळ. मीही हँडल डाव्या हातात घेतलं. खाचा सगळ्या उजव्या हाताच्या. बोटं कुठेच बसेनात, कडा मात्र रुतल्या. परत उजव्यात. उजवा हात मिटला तो मिटलाच.
मॅडम म्हणाल्या, अगं, बायका हात बदलतात, तुला कुणी सांगितलं नाही?
म्हटलं, विश्वासार्ह नमुना मिळाला नाही.

शुक्रवार, १५
डाव्या हाताने लिहिते आहे. साचा चिमट्याच्या हँडलचा. स्प्रिंग माझी घेणार, हेही त्यानेच सुचवलं. याचाही हिशेब होईल. वहिनी म्हणाली, वन्सं, त्या चिमट्याचा एक पीस आणा ना.
निघताना तो हात मिळवायला आला. मी हात पुढे केला. बोटं उघडेनात. नुसती मूठच गेली. तो दचकून मागे सरकला, खुर्चीला अडखळला.
म्हणजे बरोबरी.