माणसांना उतरायला तीन आठवडे

मंगळवार, ६ जानेवारी

ते जहाज संयोगिताच्या नवऱ्याचं निघालं!

आमच्या यादीतलं चौथं नाव. समुद्राचा तळ उपसायचा, वाळू खडकांवर ओतायची आणि बेट तयार करायचं, असलं जहाज. मोठा देश असं करत करत छोट्या देशाच्या पाण्यात घुसतोय. छोट्या देशाच्या मंत्रालयाने आमच्या संस्थेला विचारलंय – तोफ न डागता काय करता येईल? आमचं उत्तर: आर्थिक निर्बंध. अशा जहाजांना मित्रदेशांनी बंदर द्यायचं नाही. इंधन नाही, विमा नाही, सुटे भाग नाहीत. देशांची नावं इथेही लिहीत नाही. गोपनीयतेवर सही केली आहे.

संध्याकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची संयोगिता भेटली. मोबाईल माझ्या नाकाशी. "बघा अक्का, आमचा ऋतुराज! किती काळा पडलाय, कुणी इंजिनिअर म्हणेल का?" मी ऋतुराजकडे पाहिलंच नाही. त्याच्या मागे पांढऱ्या अक्षरांत जहाजाचं नाव होतं.

छान आहे फोटो, म्हटलं.

गुरुवार, ८ जानेवारी

निर्बंध लागले की मालक जहाज नांगरून ठेवतो आणि फोन उचलणं बंद करतो. एकही बंदर आत घेत नाही, म्हणून खलाशांना उतरता येत नाही. वर्ष-वर्ष असे अडकलेले लोक मी याच कामासाठी वाचले आणि तळटिपेत घातले. तळटिपेत! आता तसा अडकू शकणाऱ्या एकाची बायको माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहते, तर ते मजकुरात यावेत असं वाटायला लागलं. हे काही माझं चांगलं लक्षण नाही.

संयोगिताला सांगायचं नाही, हे पक्कं. तिला कळलं की ऋतुराजला, त्याला कळलं की कंपनीला, आणि जहाज नाव आणि झेंडा बदलून मोकळं.

पण सगळ्याच खलाशांसाठी मुदत उघडपणे मागता येईल. मागणार.

शुक्रवार, ९ जानेवारी

आधी श्रीरंग सरांना सांगून टाकलं, की त्या जहाजावरचा एकजण माझ्या बिल्डिंगमधला आहे. सर आमचे संचालक, नौदलातून निवृत्त. घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे रागावले की कन्नड आधी येतं. "अय्यो! मग तुम्ही यातून बाजूला व्हा की."

नाही होणार, म्हटलं. माझी ओळख आहे हे कागदावर नोंदवा आणि मुद्दा स्वतंत्र तपासा – निर्बंध लागू होण्याआधी खलाशांना उतरायला महिनाभर.

"महिन्याभरात ते तिथे धावपट्टी बांधतील, शिवलीला! स्वल्प डोकं चालवा. निर्बंध म्हणजे काय लग्नपत्रिका आहे, आधी घरोघर वाटायला?"

त्यांचं बरोबर आहे. बनशंकरीपासून राजाजीनगरपर्यंत मेट्रोत उभ्याने तेच घोळवत आले.

सोमवार, १२ जानेवारी

महांतेशला विषय निर्बंधांचा आहे एवढंच माहीत, बाकी काही सांगता येत नाही. नवरा असला तरी नाही. तो म्हणतो, "तोंड बघून वाटतं, निर्बंध तुझ्यावरच लागलेत. निदान भाकरी तरी आयात कर."

हसले. मग लहानपणीचं निपाणी आठवलं. सीमाप्रश्न तापला की पहिली एस.टी. बंद व्हायची. पुढारी आपापल्या गाड्यांतून जायचे, आणि आमची आई सीमेपलीकडे कागलच्या दवाखान्यासाठी कोगनोळीच्या नाक्यावरून पिशवी घेऊन चालत. बंद कुणी कुणावर केला होता? ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्यावर. सीमा जिथे होती तिथेच राहिली.

पण म्हणून काहीच करायचं नाही? मोठ्याने दांडगाई करावी आणि छोट्याने निषेधाची पत्रं लिहावीत? तेही नाही पटत. निर्बंध हवेत. ते जहाजाला लागावेत, माणसाला नाही. यातच कुठेतरी वाट असणार.

बुधवार, १४ जानेवारी

संयोगिता संक्रांतीचा एळ्ळु-बेल्ला, म्हणजे इथला तीळ-गूळ-खोबरं, घेऊन आली. ऋतुराज कधी येतोय, विचारलं. (विचारायला नको होतं. माहिती काढल्यासारखं झालं.)

"मार्चात म्हणतोय. आला तर बरं, नाही आला तर त्याहून बरं! आला की घरभर मोजे, आणि टीव्हीचा रिमोट सापडत नाही."

किती धीराची आहे ही! माझ्या हातातला खोबऱ्याचा तुकडा तसाच राहिला.

शनिवार, १७ जानेवारी

सुचलं. इंधन आणि सुटे भाग पहिल्या दिवसापासून बंद, म्हणजे उपसा थांबला. माणसांना उतरायला तीन आठवडे. लिहून पाठवलं.

मंगळवार, २० जानेवारी

मंत्रालयातल्या बाईंशी व्हिडिओ कॉल. श्रीरंग सर शेजारी, हाताची घडी घालून. बाई शांत, पण प्रश्न असा – "आमचे कोळी चार वर्षं किनाऱ्यावर बसून आहेत. त्यांना कुणी मुदत दिली होती?"

म्हटलं, नव्हती दिली. म्हणूनच तुम्ही वेगळे आहात हे दाखवता येईल. आवाज थोडा चढलाच माझा. जे खलाशी त्या जहाजावर आहेत, तेही कुणाच्या तरी किनाऱ्यावरचेच आहेत.

त्यांनी ते लिहून घेतलं. मग, "तीन आठवडे. एक दिवसही जास्त नाही."

कॉल संपल्यावर सर म्हणाले, "सरी, ठीक आहे. जिंकलात. चुकलात तर तेही तुमच्याच नावावर."

असू दे माझ्या नावावर.

बुधवार, २१ जानेवारी

ऋतुराज नसता तर हे सुचलं असतं का? नसतं. त्यामुळे ते चूक ठरत नाही. बरोबरही ठरत नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी

यादी जाहीर! चौथं नाव आहे, आणि कलमही आहे, माझ्याच शब्दांत. मंत्रालयाने आमच्या संस्थेचे जाहीर आभार मानलेत, म्हणजे आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. विमा रद्द झाल्याची बातमी दुपारीच आली. ऋतुराजला तेवीसपर्यंत उतरता येईल.

संयोगिताकडे स्वतःहून जायचं नाही. उपकार सांगितल्यासारखं होईल.

रविवार, ८ फेब्रुवारी

जिन्यात संयोगिता. चेहरा फुललेला. येतोय ना, विचारलं.

"छे! कंपनीने सांगितलंय, जो जहाज सोडणार नाही त्याला दुप्पट पगार. इंधन त्यांच्याच देशातून बोटीने येतंय म्हणे, काम चालूच आहे. एकही माणूस उतरला नाही अक्का, एकही! हेब्बाळला घ्यायचा फ्लॅट आता पक्का."

सांगितलं तिला. जहाज यादीत घातलं ते आम्ही. उतरायची मुदत मागितली ती मी.

ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "मग अक्का, यादीतून एवढ्यात काढू नका हं."