निळ्या पत्राची मागची बाजू

बाबा, मी शेवटी हेरफर्डशायरला जाऊन आले. तुमचं पुस्तक पिशवीत होतं. पेन्सिलीने तुम्ही खुणा केलेल्या ठिकाणांपैकी निम्मीसुद्धा आता उरलेली नाहीत. ‘नांगर’ नावाच्या पबमध्ये कुणीतरी बिऱ्हाड केलंय, दारात मुलांच्या सायकली होत्या. नदीकाठच्या खानावळीच्या खिडक्यांवर फळ्या ठोकल्यात. जुन्या गिरणीतलं रेस्टॉरंट मात्र चालू आहे, पण तिथे आधी कळवल्याशिवाय टेबल मिळत नाही. हे पुस्तकात छापलेलं होतं, तुम्ही मला दहा वेळा बजावलंही होतंत, आणि तरी मी विसरले. गाडी माझी मुलगी चालवत होती. ती तिकडेच नोकरीला असते. मराठी सगळं कळतं तिला, पण उत्तर येतं ते इंग्रजीत. “बट व्हाय दीज प्लेसेस, आई?” तिने विचारलं. मी म्हटलं, तुझ्या आजोबांना बघायची होती. ते कधी इंग्लंडला आले होते का, तिचा पुढचा प्रश्न. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. सफरचंदांच्या बागा होत्या, तांबडी-पांढरी गुरं होती, सगळं पुस्तकात होतं तसंच होतं.

ते पुस्तक आपल्या घरी कसं आलं, हे मलाच पुन्हा एकदा स्वतःला सांगायचंय. तुम्ही बहरैनला, मनामातल्या त्या इंग्रज लोकांच्या क्लबात स्वयंपाकी होतात. मी सहावी-सातवीत असेन. आपल्या दोन खोल्यांपासून क्लब चालत वीस मिनिटांवर होता, आणि शाळा नसेल तेव्हा मी तुमचा डबा घेऊन मागच्या दाराने यायची. दिवसभर इंग्रजांचं जेवण रांधणारा माणूस दुपारी आईच्या हातची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खायचा. इंग्रजांचं रविवारचं मोठं जेवण बहरैनमध्ये शुक्रवारी व्हायचं, कारण सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी तुमची ‘पाय’ असायची. बिअरमध्ये तासन्‌तास शिजवलेलं गोमांस, वर मैद्याचं खरपूस झाकण. आईला पहिल्यांदा नाव सांगितलंत तेव्हा तिने “कोणाचा पाय?” असं विचारलं होतं आणि पुढे किती दिवस शुक्रवार आला की ती तुम्हाला तेच विचारून हसायची.

आता गंमत अशी की ती पाय तुम्ही स्वतः कधी चाखली नाहीत. गाईचं मांस तुम्ही खाणार नव्हतात. तुमच्याबरोबर स्वयंपाकघरात श्रीवर्धनकडचे चाचा होते, त्यांना मांस चालायचं, पण त्यात बिअर. मी ओट्याजवळ उभी असताना झालेलं ते बोलणं मला अजून आठवतं. चाचा म्हणाले, “गोश्त खाईन रे भाऊ, पण त्यात दारू हाय. मी नाय तोंडात घालणार.” तुम्ही पळी खाली ठेवलीत आणि म्हणालात, “झालं तर मग. मी गाय खायचा नाय, तू दारू प्यायचा नाय. आता साहेब लोकांना देवच राखो.”

देवाच्या ऐवजी तो साहेब आला. उंच, उन्हाने लालबुंद झालेला, कुठल्यातरी कंपनीत इंजिनिअर. दर शुक्रवारी साडेअकराला तो मागच्या दाराने स्वयंपाकघरात यायचा, कारण त्यानेच तुमची ही अडचण हेरली होती. चमचा हातात घ्यायचा, फुंकर मारायचा, चाखायचा. मीठ हवं तर बोटांनी चिमूट दाखवायचा. नको असेल तर “खलास” म्हणायचा आणि चमचा धुऊन ठेवायचा. साहेब असून चमचा स्वतः धुतो, याचं तुम्हाला केवढं कौतुक. पण बरी झालीय, छान झालीय, असं त्याने कधी म्हटलं नाही. तुम्ही दर वेळी त्याच्या तोंडाकडे बघत उभे असायचात. ताटल्या पुसून रिकाम्या आल्या तरी तुमचं समाधान व्हायचं नाही. “भुकेला माणूस काय गो, काहीपण पुसून खातो,” असं म्हणायचात.

बहरैन सोडून मायदेशी जाताना तो साहेब तुम्हाला ते पुस्तक देऊन गेला. त्याच्या गावाकडचं, हेरफर्डशायरमधल्या जेवायला जाण्यासारख्या खानावळी आणि पब यांची माहिती असलेलं. निवृत्त होऊन त्याला तिथेच एक छोटा पब घ्यायचा होता. तुमच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, माझा पब झाला की पाय तू करायचीस. तेव्हा तो हसत होता, तुम्ही हसत नव्हतात.

मग दर शुक्रवारी संध्याकाळी, क्लबातून येऊन आंघोळ झाली की तुम्ही चटईवर बसायचात आणि मी पुस्तक वाचून दाखवायची. मी वाचतेय, तुम्ही डोळे मिटून ऐकताय, आई तांदूळ निवडतेय. “आज नांगरात जाऊया,” असं तुम्ही म्हणता आणि मी ते पान काढते. पबांची नावं आपण मराठी करून टाकली होती. नांगर, पांढरं हरीण, तीन नाल. कुठे भट्टीत पाव भाजतात, कुठे सफरचंदाची दारू घरची असते, कुठल्या मालकाला मुलांचा कलकलाट खपत नाही, सगळं आपल्याला पाठ. एका ठिकाणी कुत्र्यांना प्रवेश आहे असं लिहिलेलं होतं. तुम्ही डोळे उघडलेत. “कुत्र्याला चालतं ना? मग आपल्याला चालंल.” आणि तुम्ही पेन्सिलीने तिथे खूण केलीत. बाबा, इतकी वर्षं लोकांना वाढून, तुम्ही कुठल्याच हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून बसला नव्हतात. मनामाच्या बाजारातसुद्धा उभ्याने चहा घ्यायचात, खुर्ची रिकामी असली तरी.

मी नववीत असताना साहेबाचं पहिलं पत्र आलं. त्याने खरंच पब घेतला होता. पत्राच्या शेवटी एक ओळ होती, की कधी आमच्या भागात आलात तर जरूर डोकावून जा. ही ओळ म्हणजे काय, ते मला शाळेतल्या इंग्रजीने कळत होतं. खरं तर त्याला शाळाही लागत नव्हती. तुम्ही स्वतः अर्ध्या बहरैनला “या एकदा घरी जेवायला” असं सांगायचात आणि खरंच कुणी आलं असतं तर आईची धांदल उडाली असती. पण तुम्ही पत्र हातात घेऊन माझ्याकडे बघत होतात, आणि मी म्हटलं, “बाबा, साहेब बोलावतोय.” आई म्हणाली, अहो, बोलायची पद्धत असते ती. तुम्ही तिला गप्प केलंत. “तोंडाने कुणीपण बोलतं. त्याने लिहून दिलंय.” लिहून दिलेलं तुमच्या लेखी पक्कं होतं. एवढी एकच चूक तुमची, बाबा. पुढच्या सगळ्या माझ्या.

तुम्ही माझ्याकडून उत्तर लिहून घेतलंत. मी तयार आहे, व्हिसासाठी कागद पाठवावा, कुटुंब नंतर आलं तरी चालेल. दोन महिन्यांनी निळं हवाई पत्र आलं. मी ते दारातच उघडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. साहेबाने अगदी सभ्यपणे लिहिलं होतं. स्वयंपाकघर लहान आहे, स्वयंपाक बायको करते, बाहेरच्या माणसाला ठेवायची परवानगी मिळणं शक्य नाही, माझ्या बोलण्याने तुमची आशा वाढली असेल तर मला मनापासून वाईट वाटतं. तुम्ही मोरीत पाय धूत होतात. तिथूनच हाक मारलीत, “बाय, काय म्हणतो साहेब?” मी म्हटलं, “या वर्षी नाही जमत म्हणतात. पुढच्या वर्षी.” चौदा वर्षांची होते मी. तुमचा चेहरा पडलेला मला बघवला नसता. ते पत्र मी भूगोलाच्या वहीत दडवलं.

पुढच्या वर्षी तुम्ही विचारलंत, मी तेच सांगितलं. मग मनामात नवं मोठं हॉटेल उघडलं आणि त्यांनी तुम्हाला मुख्य स्वयंपाकी म्हणून बोलावलं. दोन वर्षांच्या करारावर सही करायची होती. चाचा घरी आले होते, म्हणाले, “भाऊ, यल्ला, सही कर. असा चान्स परत नाय.” तुम्ही माझ्याकडे वळलात. “बाय, साहेबाने पुढच्या वर्षी असंच लिवलंय ना? ते पत्र आण, परत वाच.” मी पत्र आणलं, बाबा. ते हातात धरून, त्यातल्या ओळींवर नजर ठेवून, मी तुम्हाला पुढचं वर्ष वाचून दाखवलं. खरं सांगायची ती शेवटची वेळ होती आणि तेव्हा मी लहानही राहिले नव्हते. दोन वर्षं बांधून घेतलं आणि मधेच साहेबाचं बोलावणं आलं तर बरं दिसणार नाही, असं म्हणून तुम्ही नकार कळवलात. ती जागा चाचांच्या ओळखीच्या कुणालातरी मिळाली.

मग क्लब बंद झाला. इंग्रज लोक एकेक करून गेले होते. तोपर्यंत हॉटेलांना तरुण पोरं हवी होती, तुमचा व्हिसा रद्द झाला. मी एका ऑफिसात टायपिस्ट होते, माझा व्हिसा वेगळा, म्हणून मी राहिले आणि तुम्ही दोघं गावी गेलात. विमानतळावर तुम्ही पुस्तक माझ्या हातात दिलंत. “तुझ्याकडे असू दे. साहेबाचं पत्र इथल्याच पत्त्यावर येणार.” गावाहून दर पत्रात शेवटची ओळ तीच असायची, साहेबाचं काही आलं का. दोन वर्षांनी गणपतीच्या आधी तुम्ही गेलात. तुमच्या शेवटच्या पत्रातही ती ओळ आहे, आणि मी त्याला उत्तर लिहिलं होतं, इंशाल्ला, येईल. मला स्वतःची अजून किळस येते.

यातल्या कशाचंच आता काही होण्यासारखं नाही, हे मला कळतं. मनामाच्या झिंज भागातल्या या फ्लॅटच्या टेबलावर बसून लिहितेय, समोर ते निळं पत्र आहे. ते मी पूर्ण सांगितलेलं नाही. हवाई पत्राची घडी उलगडली की मागच्या बाजूलाही थोडी जागा असते, त्यात साहेबाने आणखी चार ओळी लिहिल्या होत्या. तुम्ही तुमची ती पाय कशी करता ते कृपा करून लिहून पाठवा. बायकोला ती साधत नाही. त्या पुस्तकातल्या सगळ्या जागी जेवून बघितलं, तुमच्या तोडीची एकाही ठिकाणी मिळाली नाही. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं.

नकार लपवायचा म्हणून मी सगळं पत्र लपवलं. आयुष्यभर त्या साहेबाच्या तोंडाकडे बघत तुम्ही ज्याची वाट पाहिलीत, ते आपल्या घरात माझ्या भूगोलाच्या वहीत पडून होतं, आणि तुम्ही तिथेच चटईवर बसून मला नांगरात घेऊन जात होतात.

साहेबाचा पब अजून आहे. तो आणि त्याची बायको केव्हाच वारले, नवे मालक त्यांना ओळखतही नाहीत. मी खिडकीजवळच्या खुर्चीवर नीट बसले आणि पाय मागवली. मुलगी चकित होऊन बघत राहिली. झाकणाचा कडेचा तुकडा मोडून खाल्ला, आतलं गोमांस मात्र तसंच ठेवलं. ताटली न्यायला आलेल्या बाईने विचारलं, कशी होती. मी लगेच म्हटलं, फार छान. खोटं बोलायला मला कधीच वेळ लागला नाही, बाबा. तुम्हाला मी हेच दोन शब्द सांगायचे होते, आणि ते तर खरे होते.