एक हजार तीन नंबरचे आम्ही दोघं

सोमवार, ४ मार्च

नवी नोकरी, पहिला दिवस, आणि मी चक्क वेळेवर पोचले. आईला खरंच वाटेना. ऑफिस घरांचे नकाशे काढणाऱ्यांचं. नकाशेवाल्यांकडे विंडोज, नकाशे रंगवणाऱ्या दोघींकडे मॅक, आणि चहाच्या ओट्यामागच्या कोंदट खोलीत लिनक्सचा जुना सर्व्हर. तिघांचं आपसात बोलणं बंद, जुनी भाऊबंदकी असल्यासारखं. म्हणून माणसं दिवसभर पेनड्राइव्ह घेऊन या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालतात. मला सर्व्हरवर एक सामायिक फोल्डर करायचंय, तिन्हीकडून उघडेल असं. माझ्या आधीचे साहेब हे काम अर्धवट टाकून गेले. कुठे गेले, असं विचारलं तर ऑफिसातल्या, फोनवर बसणाऱ्या बाईंनी विषयच बदलला. त्यांचा राखाडी स्वेटर अजून सर्व्हरच्या खोलीतल्या खुर्चीवर आहे.

घरी माझ्या लेकीने, चिमीने विचारलं, की तिकडे खेळायला मिळतं का. सहा वर्षांची आहे, पुढचा दात नुकताच पडलाय. म्हटलं, बाई गं, त्याचेच तर पैसे देतात.

बुधवार, ६ मार्च

जमलं एकदाचं. सर्व्हरला नावं कळत नाहीत, नंबर कळतात. प्रत्येक माणसाला एक नंबर, आणि प्रत्येक फाइलवर तिच्या मालकाचा नंबर. साहेबांचा होता एक हजार तीन. मी त्यांचं खातं काढून टाकलं, माझं उघडलं, आणि मशीनने तोच रिकामा नंबर माझ्या गळ्यात घातला. खरं तर नवा घ्यायला हवा होता. जुन्या माणसाच्या फायली मागे राहिल्या असतील तर त्या आपोआप नव्याच्या होऊन बसतात, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण पोटात कावळे ओरडत होते. म्हटलं, चालतंय, कोण बघतंय.

फोल्डर तपासायला हाताशी होता तो चिमीचा फोटो टाकला. तिन्ही पडद्यांवर ती पडलेल्या दाताची फट दाखवत हसली. ही रोजनिशीही तिथेच ठेवलीय, म्हणजे घरूनही लिहिता येईल.

शुक्रवार, ८ मार्च

फोल्डरमध्ये एक नकाशा सापडला. नाव ‘बाळाची खोली’. साहेबांचा जुना, म्हणजे नंबरामुळे आता माझा. उघडला तर ती चिमीची खोली. आमच्या घरातली. तिरकी भिंत, खिडकीखालचं कपाट, पलंग, सगळं इंचाइंचाने बरोबर. ते साहेब आमच्या घरी कधी आलेले नाहीत.

शेवटचा बदल आज अकरा वाजून वीस मिनिटांनी झालाय. कोणी केला, तर मी. त्या वेळी मी मालकांसमोर बसून माना डोलवत होते. पलंगाशेजारी एक खुर्ची नवीन काढलेली होती.

संध्याकाळी घरी गेले, तर पलंगाशेजारी खुर्ची. आई म्हणाली, तूच आणलीस ना दुपारी. खुर्चीच्या पाठीवर राखाडी स्वेटर होता.

सोमवार, ११ मार्च

फोनवरच्या बाई शेवटी बोलल्या. साहेबांची मुलगी आजारपणात गेली. सहा वर्षांची. त्यानंतर ते सर्व्हरच्या खोलीत बसून दिवसभर तिची खोली काढत राहायचे. एका दुपारी दार आतून बंद होतं. हाका मारल्या, शेवटी तोडलं. आत कोणी नव्हतं.

हे सांगून बाईंनी एक चष्मा माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, तुम्ही इथे विसरला होतात. मला चष्मा नाही. साहेबांचाच असणार.

मी नकाशातली खुर्ची पुसली आणि घरी फोन लावला. आई म्हणाली, कसली खुर्ची, इथे कधीच नव्हती. म्हणजे नकाशात जे होईल, तेच घरी होतं. हे लिहितानाही वेड लागल्यासारखं वाटतंय.

मंगळवार, १२ मार्च

चिमीला ताप आहे. घरी झोपलीय.

आज नकाशात दार आहे. तिच्या पलंगामागच्या भिंतीत. त्या भिंतीपलीकडे फक्त हवा, आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. पण नकाशात पलीकडे एक लहान खोली काढलीय. त्यात सर्व्हर आहे.

मी दार पुसलं. त्या साहेबाने परत काढलं. पुसलं. काढलं. प्रत्येक बदल माझ्याच नावावर. कुलूप लावून उपयोग नाही, जी किल्ली माझी ती त्याची. मशीनच्या लेखी आम्ही एकच माणूस. स्वतःला नवा नंबर दिला, पाहते तर परत एक हजार तीन.

आईला फोनवर म्हटलं, तिला बाहेरच्या खोलीत निजव. निजवलं. लगेच नकाशात बाहेरची खोली उमटली. तिथेही दार.

नकाशा नष्ट केला तर खोली जाईल. खोलीत चिमी आहे.

बुधवार, १३ मार्च

आई फोनवर सांगत होती, चिमी म्हणते बाबा भिंतीतून गोष्ट सांगतात. ती पोटात असतानाच तिचे बाबा गेले. तिने त्यांचा आवाज कधी ऐकलेला नाही.

उद्या घेऊन जाणार आहेत, असंही म्हणाली. खूश होती.

पुसतेय. दर दोन मिनिटांनी. जेवण नाही, पाणी नाही. एकदा उशीर झाला तर दार अर्धं उघडं काढलेलं —

पुसलं.

मी त्या दिवशी जेवायला का गेले. दोन मिनिटांचं काम होतं. माझ्या आळसापायी माझी पोर —

गुरुवार, १४ मार्च

एकच वाट उरलीय. आईच्या नावाने नवा नंबर काढलाय. जे जे चिमीचं, ते आईच्या मालकीचं करायचं आणि एक हजार तीनला बंदी. मग त्याला दार काढता येणार नाही. मलाही काही करता येणार नाही. माझा नंबर तोच.

आधी चिमीचा फोटो आईच्या नावे केला. घरी फोन लावला. चिमीने उचलला. मी हाक मारली. ती म्हणाली, आजी, कोणीतरी बाई आहेत.

फोन ठेवला नाही. ऐकत राहिले. खोकला कमी वाटला.

दार पुसलं. त्याच क्षणी नकाशा आईच्या नावे केला. थांबले. दहा मिनिटं. दार परत आलं नाही.

चिमी वाचली.

मी बसलेय त्या सर्व्हरच्या खोलीचं दार आतून लागलंय. मी लावलेलं नाही. मागे खुर्ची वाजली. वळून बघणार नाही.

फक्त ही रोजनिशी उरलीय. हीसुद्धा आईच्या नावे करतेय, हुकूम दिलाय. फाइल जाईपर्यंत लिहिता येईल.

आई, तू मला ओळखणार नाहीस, तरी वाच. ताप उतरला तरी लगेच शाळेत धाडू नकोस. दूध गार करून दे. केस विंचरताना आधी टोकं सोडव, वरून ओढलं की रडते. शेजारचा दातही हलतोय, तो पडला की घाबरेल, तिला जवळ घे आणि सांग, की तुझी आई