आरशात धूळ नव्हती

आप्पा, ऊस घेऊन गेलो त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो होतो. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. त्याआधी कितीतरी वर्षं तुम्ही माझ्यासमोर लंगडत वावरलात, तरी माझ्या तोंडून ते निघालं नाही. आज रविवार आहे, बंगळूरजवळचं, आनेकलचं आमचं वर्कशॉप बंद आहे. ही बाळंतपणासाठी मुलीकडे पुण्याला गेलीय त्याला तीन महिने झाले. फोनवर दोघी सारख्या घाईत असतात, त्यामुळे आठवडाभर मराठीत धड चार वाक्यं बोललेलो नाही. दिवसभर कन्नड आणि हिंदी. म्हणून लिहायला बसलोय.

माझं हल्लीचं काम ऐकलंत तर हसाल. आम्ही कॅराव्हॅन बनवतो, म्हणजे चाकांवरची खोली. आत पलंग, ओटा, न्हाणी, सगळं. जीपला जोडायची आणि ओढत न्यायची. ट्रॉलीच की, फक्त उसाच्या जागी संसार. बंगळुरातल्या कोरमंगल्याची पोरं हौसेनं घेतात आणि गुळगुळीत रस्त्यावरून मिरवतात. पण परवा दोन खोल्या रायचूरच्या पलीकडे माळावर पोचवायच्या होत्या, पवनचक्क्या उभ्या करणाऱ्या इंजिनियरांना राहायला. शेवटचे साठ किलोमीटर नुसती माती. ना गाव, ना झाड, ना फोनला रेंज. मातीवर आडव्या वळ्या पडलेल्या, त्यांवरून चाक गेलं की आपले दात वाजतात आणि मागची खोली कपाटं आपटत डोलते. टायरमधली हवा थोडी सोडायची, घाई करायची नाही, ब्रेकवर उभं राहायचं नाही. मालकांना वाटतं हे मी कुठेतरी कोर्स करून शिकलोय. मी पुढे होतो आणि दुसरी जीप घेऊन मागे आमचे वयस्कर ड्रायव्हर, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. मागच्याची धूळ पुढच्याच्या आरशात दिसत राहिली पाहिजे, दिसेनाशी झाली की थांबायचं, असं ठरलेलं. ही रीत मीच त्यांना लावली. मला तुम्ही लावली होती.

त्या दिवशी मी काकांचा ट्रॅक्टर घेऊन पुढे होतो, तुम्ही आपला घेऊन मागे. दोघांच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या. साखर कारखान्यावर वाहनांची रांग इतकी, की उशिरा नंबर लागला तर रात्र तिथेच काढावी लागणार. आणि मला संध्याकाळी मित्राच्या वरातीत नाचायला जायचं होतं. एवढंच कारण, आप्पा. मी नंबर लावला, वजनकाट्याजवळ चहा घेतला, तुमची वाट पाहिली. तुम्ही आलाच नाहीत. दुपारी तीनला कुणाच्या तरी मोटरसायकलवरून मागे आलो, तर आडवाटेवरच्या ओढ्याच्या चढाला तुम्ही जमिनीवर बसलेले. जोडाची पिन तुटून ट्रॉली घसरलेली, तिचा दांडा तुमच्या पायावर पडलेला, पंच्याने पाय बांधलेला. दहा वाजल्यापासून तुम्ही तिथे होतात. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तुम्ही वर बघितलंत आणि विचारलंत, "नंबर घावला काय?"

मी म्हणालो, "आप्पा, मागं तुम्ही न्हाई हे मला कळलंच न्हाई."

कळलं होतं. फाट्यावरच मी मागे वळून पाहिलं होतं. धूळ नव्हती. येतील, म्हणालो मनाशी, आणि गिअर टाकला. पुढे तुमच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. लोक विचारायचे तेव्हा तुम्ही सांगायचात, "पोरगं पुढं हुतं, त्याला काय दिसणार?" तुम्ही माझी बाजू घ्यायचात आणि मी ती घेऊ द्यायचो. एकदा बोलणार होतो. तुम्ही अंगणात त्या पायाला तेल चोळत होता, मी शेजारी येऊन बसलो, आणि पावसापाण्याच्या गप्पा मारून उठलो. तुम्हाला ठाऊक होतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

परवा तेच झालं. एका वळणानंतर आरशात धूळ दिसेना. दहा मिनिटं थांबलो. त्या अरुंद वाटेवर खोलीसकट जीप वळवणं शक्यच नव्हतं, म्हणून चाकांना दगड लावले, खोली तिथेच सोडली आणि नुसती जीप घेऊन मागे गेलो. पाच-सहा किलोमीटरवर अण्णांच्या कॅराव्हॅनचा आस मोडला होता. ते तिच्या सावलीत पाय पसरून बसले होते. मला बघून म्हणाले, "बंद्रा? सरी. स्वल्प नीर कोडी." आलात ना, बरं झालं, थोडं पाणी द्या. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "तुम्ही येणार हे मला माहीत होतं." परत आल्यावर त्यांनी ही गोष्ट वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगितली. माझी पाठ थोपटली लोकांनी.

त्यांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. मी सुधारलो म्हणून मागे फिरलो नव्हतो. त्या दहा मिनिटांत पुढे कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं, इंजिन बंद केल्यावर कसलाच आवाज नव्हता, आणि ह्या वयात मला एकट्याला भीती वाटली. तुम्ही पाच तास बसला होतात. तुम्हाला भीती वाटली का, हे मी कधी विचारलंसुद्धा नाही.